औट्रम घाटातला ‘औट्रम’ नेमका कोण? ज्यांना पकडायचे त्यांनाच पोलिस करणाऱ्या लेफ्टनंटची गोष्ट

छत्रपती संभाजीनगरहून चाळीसगाव, धुळ्याकडे जाणाऱ्या प्रत्येकाला औट्रम घाट माहीत आहे. कन्नड मागे पडले की हा घाट लागतो. वाहतूक कोंडी, पावसाळ्यात कोसळणाऱ्या दरडी, अवजड वाहनांवरची बंदी, बोगद्याची जुनी मागणी अशा कारणांनी तो सतत बातम्यांत असतो. कोणी ‘ऑट्रम’ लिहितो, कोणी ‘आउट्रम’. हे नाव आहे जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याचे. पुढे तो जनरल झाला, ‘सर’ झाला आणि १८५७ च्या लखनौच्या लढाईमुळे इंग्लंडमध्ये घराघरात पोहोचला. पण त्याची कारकीर्द घडली ती इथे, सातमाळा-अजिंठ्याच्या डोंगररांगेत आणि खाली खानदेशात. नव्याने भरती केलेल्या माणसांना कामावर असतानाच पोलिस म्हणून तयार करणे, हे त्याचे तेव्हाचे काम होते.

हा विषय आजही ताजाच आहे. जालन्यासारख्या प्रशिक्षण केंद्रातून बाहेर पडलेला नवा शिपाई एक दिवस चिकलठाण्यासारख्या ठाण्यात हजर होतो. जवळच विमानतळ आणि एमआयडीसी, तर ठाण्याच्या हद्दीत शेतीवाडीची गावे. परेड, कायद्याची कलमे, गोळीबाराचा सराव हे सगळे केंद्रात झालेले असते. बांधावरून भांडणारे दोन भाऊ समोर आले की काय करायचे, हे मात्र ठाण्यातच शिकावे लागते. आणि माणूस या कामाला योग्य आहे की नाही, हेही तिथेच कळते. औट्रमपुढचा प्रश्न याहून अवघड होता. त्याच्याकडे प्रशिक्षण केंद्र नव्हते, पोलिस कायदा नव्हता. भारतात पोलिसांचा कायदा आला १८६१ मध्ये. ही गोष्ट आहे १८२५ ची.

आधी थोडे त्याच्याविषयी

जेम्स औट्रमचा जन्म २९ जानेवारी १८०३ रोजी इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यात बटर्ली येथे झाला. वडील बेंजामिन औट्रम हे नावाजलेले इंजिनिअर. कालवे बांधायचे आणि घोड्यांनी ओढायच्या गाड्यांसाठी लोखंडी रूळ टाकायचे, हा त्यांचा व्यवसाय. ‘ट्राम’ हा शब्द त्यांच्या आडनावावरून आला असे अनेक जण सांगतात, पण त्यात तथ्य नाही. तो शब्द आधीपासून वापरात होता. जेम्स दोन वर्षांचा असताना वडील गेले आणि कुटुंब अडचणीत आले. आई मुलांना घेऊन स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीनला गेली. तिथे शिक्षण झाले आणि १८१९ मध्ये, सोळाव्या वर्षी, तो ईस्ट इंडिया कंपनीचा कॅडेट म्हणून मुंबईला आला.

अंगाने लहानखुरा, सुरुवातीला सतत आजारी पडणारा. मात्र कवायत शिकवण्यात तो इतका तयार निघाला की अगदी कोवळ्या वयात २३ व्या देशी पायदळ पलटणीचा अ‍ॅडज्युटंट झाला. अ‍ॅडज्युटंट म्हणजे पलटणीची शिस्त, हजेरी, कवायत पाहणारा अधिकारी. १८२५ मध्ये ही पलटण मालेगावात होती. त्याच वर्षी बागलाणातील मुल्हेर किल्ल्याकडे झालेल्या बंडाळीवर थोडी माणसे घेऊन तो रात्रीतून चालून गेला आणि ती मोडून काढली. या कामगिरीमुळे मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याचे त्याच्याकडे लक्ष गेले.

खानदेशात तेव्हा काय चालले होते?

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि खानदेश कंपनीच्या ताब्यात आला. तोवर हा प्रदेश होरपळून निघाला होता. १८०३-०४ चा दुष्काळ, होळकरांच्या फौजांची धूळधाण, नंतर पेंढारी. गावेच्या गावे ओस पडली होती. गावची राखण करणे आणि त्याबद्दल बलुत्यासारखा हक्क घेणे, हे अनेक भिल्ल कुटुंबांचे परंपरागत काम. गावच उरले नाही, तर राखण कशाची आणि हक्क कोण देणार? माणसे डोंगरात गेली आणि नाईकांच्या टोळ्या झाल्या. सातपुडा, सातमाळा, अजिंठ्याच्या रांगा ही त्यांची ठिकाणे.

त्याआधीच्या कारभाराने त्यांच्याशी कसे वर्तन केले, याच्या नोंदी ब्रिटिशांच्या गॅझेटिअरमध्ये आहेत. माफीचे वचन देऊन बोलवायचे आणि आल्यावर कापून काढायचे, असे एकाहून अधिक वेळा झाले. कन्नड तालुक्यातील अंतूर किल्ल्याच्या कड्यावरून भिल्लांना खाली लोटून दिले जात असे, असेही त्यात लिहिले आहे. आपल्या आधीचे राज्य काळेकुट्ट रंगवण्यात ब्रिटिशांचा फायदा होता, हे ध्यानात ठेवूनच या नोंदी वाचाव्यात. पण डोंगरातल्या माणसांना सरकारी वचनाचा काय अनुभव होता, एवढे त्यातून नक्की कळते.

कंपनीने आधी सैन्य पाठवून पाहिले. वाटा रोखल्या, नाईक पकडले, काहींना फाशी दिली, काहींना तनखा लावला. उपयोग तात्पुरता झाला. शिवाय मैदानी मुलखातले शिपाई या जंगलात तापाने आजारी पडत. त्यामुळे १८२५ मध्ये एल्फिन्स्टनच्या सरकारने वेगळा मार्ग घेतला. खानदेशात तीन भिल्ल एजन्सी नेमल्या. एक वायव्येला नंदुरबारच्या बाजूला, दुसरी ईशान्येला आणि तिसरी दक्षिणेला. दक्षिणेच्या एजन्सीचे ठाणे कन्नडला होते आणि तिचा अधिकारी होता ओव्हन्स. त्याचे काम होते भिल्लांना जमीन, बैल, तगाई देऊन शेतीवर बसवणे. ईशान्येची एजन्सी आणि तिच्याबरोबर एक खास जबाबदारी बावीस वर्षांच्या औट्रमकडे आली. ती म्हणजे भिल्लांचीच पलटण उभारणे. मुख्यालय धरणगाव, आजच्या जळगाव जिल्ह्यात. वरिष्ठ होता खानदेशचा कलेक्टर रॉबर्टसन. ‘खानदेश भिल्ल कोअर’ हे तिचे अधिकृत नाव. नावाने पलटण असली तरी तिचे काम पोलिसांचे होते: खजिन्याची आणि तुरुंगाची राखण, कैद्यांची ने-आण, घाटवाटांवर पहारा, चोरांचा माग.

भरती झाली कशी?

मुळात कोणी यायलाच तयार नव्हते. असा प्रयत्न आधी एकदा फसला होता. डोंगरात अफवा होत्या. भरती झालेल्यांना साखळीत बांधून नेणार आणि सगळी जमातच संपवणार, अशी एक. साहेबांच्या देशात माणसाच्या रक्ताचे औषध करतात, त्यासाठी हे चालले आहे, अशी दुसरी. अंतूरच्या कड्याची आठवण ताजी असलेल्या माणसांनी या अफवांवर विश्वास ठेवला, यात नवल नाही.

औट्रमची सुरुवात मवाळ नव्हती, हे इथे सांगायला हवे. अनेक इंग्रजी चरित्रांत हा भाग भराभर उरकला जातो. त्याने आधी शिपायांची तुकडी घेऊन डोंगरातल्या एका तळावर अचानक छापा घातला आणि माणसे पकडली. त्या कैद्यांमार्फत त्यांच्या नातेवाइकांशी बोलणे सुरू केले. त्यानंतर मात्र तो एकटा, पहारा न घेता त्यांच्या वस्तीवर गेला. त्यांच्यात बसला, खाणेपिणे केले, शिकारीला गेला. पहिल्यांदा जे भिल्ल त्याच्याबरोबर यायला तयार झाले ते बोटांवर मोजण्याइतके होते.

या पहिल्या जवानांना त्याने बराकीत कोंडले नाही. स्वतः त्यांच्यामध्ये झोपायचा, शेजारी पहारेकरी नसायचा. कालपर्यंत ज्यांच्यावर छापे घातले, त्यांच्या हातात शस्त्र देऊन त्यांच्याच पहाऱ्यात झोपायचे! परीक्षा जवानांची होती आणि त्याचीही. ही माणसे त्याला रोज पारखत होती. पगार बोलल्याप्रमाणे मिळतो का, घरी जाऊ देतो का, चुकले तर काय करतो. इथे औट्रमने एक गोष्ट बरोबर ओळखली. मागच्या सगळ्या राज्यकर्त्यांनी वचन मोडले असेल, तर नव्या अधिकाऱ्याने आधी वचन पाळून दाखवले पाहिजे; कवायतीचे नंतर पाहू. सुटीवर गेलेला जवान परत आला आणि येताना भावाला किंवा मेहुण्याला घेऊन आला, तर अधिकारी या परीक्षेत उतरला असे समजायचे. भरती वाढली ती अशीच, नात्यागोत्यातून.

आणि शिकार. औट्रमच्या वाघांच्या शिकारीबद्दल खानदेशात दंतकथा झाल्या. १८२५ ते १८३४ या काळात त्याच्या हजेरीत मारल्या गेलेल्या वाघांची संख्या १९१ दिली जाते. आज हा आकडा वाचून पोटात कालवते. सातपुड्यातून वाघ कसा संपत गेला त्याचा हा एक हिशेबच आहे. पण त्या वेळी शिकार हेच परस्परांना पारखण्याचे मैदान होते. एकदा निवडुंगाच्या दाट जाळीत दडलेला वाघ दिसेना, तेव्हा औट्रमने बरोबरच्या भिल्लांना त्यांची पागोटी सोडून आपल्या काखेखालून बांधायला लावली, कड्यावरून दरीत लोंबकळला आणि तशाच अवस्थेत वाघ टिपला. अधिकाऱ्याचा जीव चार भिल्लांच्या हातातल्या पागोट्याच्या टोकाला टांगलेला! जवान भरवशाचा आहे की नाही, हे ठरवायला त्यानंतर कोणत्या कागदाची गरज उरली असेल?

मालेगावची भेट

प्रशिक्षणाचा दुसरा टप्पा होता कवायत. शिकवायला औट्रमने आपल्या जुन्या २३ व्या पलटणीतली काही माणसे आणली. बंदूक चालवणे, रांगेत चालणे, हुकूम ऐकणे जवान झपाट्याने शिकत होते. पण एक अडचण कवायतीने सुटणारी नव्हती. पलटणीतले शिपाई बहुतेक वरच्या मानल्या गेलेल्या जातींचे. भिल्लांना ते बरोबरीचे मानतील?

औट्रम आपली तुकडी घेऊन मालेगावच्या छावणीत गेला. जुन्या पलटणीतल्या शिपायांनी या नव्या जवानांची टिंगल केली नाही. त्यांना आपल्यात बसवून घेतले, विडा दिला, खाऊ घातले, बरोबरीच्या शिपायांशी बोलावे तसे बोलले. औट्रमने याचे वृत्त सरकारला मुद्दाम कळवले, कारण त्याला परिणाम दिसला होता. धरणगावला परतलेले जवान आपणहून कवायत वाढवून मागू लागले. त्या पलटणीच्या तोडीचे होईपर्यंत विश्रांती नको, असा त्यांचा आग्रह होता. १८२५ च्या आसपासच्या समाजात हे किती मोठे होते, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

दोन-तीन वर्षांत पलटण सुमारे ६०० जवानांची झाली. कंपनीच्या नियमित फौजेच्या चौक्या एकेक करून या जवानांकडे सोपवल्या गेल्या. १८२८ मध्ये कलेक्टरच्या अहवालात नोंद झाली की, गेल्या वीस वर्षांत पहिल्यांदाच खानदेशाला सलग सहा महिने शांतता मिळाली. याचे श्रेय एकट्या औट्रमला देण्याची रीत आहे. ती बरोबर नाही. कन्नडला ओव्हन्स जमिनी आणि बैल देत होता, जुने गुन्हे माफ होत होते, गावोगावचे राखणीचे हक्क पुन्हा मान्य केले जात होते. पोट भरायचा दुसरा मार्ग नसता, तर ६०० बंदुकांनी शांतता टिकली नसती.

खरी परीक्षा कोणती होती?

चोर पकडणे, खजिना राखणे ही कामे ठीक. पण हे जवान ज्यांच्याविरुद्ध पाठवले जाणार होते, ते त्यांचेच भाईबंद होते. बंड करणाऱ्या नाईकांचा माग कोण काढू शकेल? ज्याला त्या वाटा, पाणवठे, लपायच्या जागा ठाऊक आहेत तोच. पलटण उभारण्यामागचा हिशेब पहिल्यापासून हाच होता आणि सरकारने तो लपवलाही नाही. सरकारच्या लेखी जवान पक्का झाला, हे ठरायचे या कामावरून.

१८३० मध्ये औट्रम डांगवर चालून गेला. त्या घनदाट जंगलात तोवर कंपनीची फौज शिरली नव्हती. भिल्ल पलटणीचे जवान बरोबर असल्यामुळे मोहीम थोड्या आठवड्यांत संपली आणि डांगचे राजे शरण आले. त्यानंतर यावल, सावदा भागातल्या तडवी भिल्लांवर कारवाई झाली, शेकडो माणसे धरली गेली. १८३३ मध्ये सातपुड्यापलीकडे बडवाणीच्या बाजूला तो असाच गेला. प्रत्येक वेळी पलटण खरी उतरली, असे सरकारी कागद सांगतात. ज्या गावांतून माणसे धरून नेली, त्या गावांत हीच गोष्ट वेगळ्या सुरात सांगितली गेली असणार.

म्हणूनच औट्रमची गोष्ट सरळसोट कौतुकाने सांगता येत नाही. माणसाला तुच्छ न लेखता, त्याच्यात राहून, त्याला जबाबदारी देऊन त्याने पोलिस घडवले. आजचे प्रशिक्षक यातून घेण्यासारखे खूप आहे. पण हे पोलिस गावासाठी नव्हे, तर परक्या सरकारसाठी घडवले जात होते. जवानाची हुशारी, चिकाटी, निष्ठा सगळे मोजले जात होते. त्याला दिलेला हुकूम योग्य होता का, हे मोजायची सोय त्या पद्धतीत नव्हती.

खानदेशानंतर

१८३५ मध्ये त्याची गुजरातेत महिकांठा भागात बदली झाली. त्यापुढची कारकीर्द मोठी, पण आपल्या विषयाच्या बाहेरची. अफगाण मोहीम, मग सिंध. सिंधच्या अमीरांवर झालेला अन्याय त्याला पटला नाही. चार्ल्स नेपियरशी त्याचा उघड वाद झाला आणि लुटीतला आपला सुमारे ३,००० पौंडांचा वाटा त्याने स्वतःसाठी न ठेवता धर्मादाय कामाला दिला. गंमत म्हणजे फ्रान्सच्या बायार्ड या निष्कलंक सरदाराची उपमा त्याला आधी दिली होती ती याच नेपियरने.

१८४७ पासून तो बडोद्याला रेसिडेंट होता. मुंबई सरकारातले अधिकारी पैसे देऊन वश करता येतात, अशी बडोद्यात सर्रास समजूत होती. या व्यवहाराला दरबारी मंडळी ‘खटपट’ म्हणत. औट्रमने त्यावर अहवाल लिहिला आणि आपला मराठी शब्द इंग्लंडच्या पार्लमेंटच्या कागदपत्रांत जाऊन बसला. अहवाल वरिष्ठांना झोंबला. १८५१ मध्ये त्याला बडोदा सोडावे लागले. १८५४ मध्ये गव्हर्नर जनरल डलहौसीने त्याला परत बडोद्याला नेमले, पण त्याच वर्षी तो लखनौला गेला आणि १८५६ मध्ये अवधचे राज्य खालसा करण्याचा हुकूम त्याच्याच हातून बजावला गेला. सिंधच्या वेळी बोललेला माणूस इथे हुकमाप्रमाणे वागला. १८५७ च्या उठावात लखनौची रेसिडेन्सी वेढ्यात सापडली, तेव्हा हॅवलॉकबरोबर तो तिथे पोहोचला. या कामगिरीवर त्याची इंग्लंडमधली कीर्ती उभी आहे.

आणि भिल्ल पलटण?

औट्रम लखनौकडे असताना इकडे सातपुड्यात खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला. खाज्या नाईक यांची कहाणी औट्रमच्या कहाणीची दुसरी बाजू आहे. मुंबई-आग्रा रस्त्यावर सेंधव्याच्या घाटाची राखण हे त्यांचे काम. म्हणजे तेही इंग्रजांच्या पोलिसी नोकरीतले, वर्षानुवर्षे चांगल्या कामाची नोंद असलेले. एका संशयिताचा त्यांच्या हातून मारहाणीत मृत्यू झाला, शिक्षा झाली, तुरुंग झाला. सुटल्यावर पुन्हा नोकरीवर घेतले गेले. आणि १८५७ मध्ये त्याच घाटातून त्यांनी बंडाचा झेंडा उभारला.

११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणी येथे मोठी लढाई झाली. एका बाजूला खाज्या नाईक यांचे भिल्ल. दुसऱ्या बाजूला कंपनीची फौज आणि तिच्यात खानदेश भिल्ल कोअरचे जवान, म्हणजे औट्रमच्या पलटणीची पुढची पिढी. तेहतीस वर्षांपूर्वी पहाऱ्याशिवाय झोपून कमावलेला भरवसा त्या दिवशी सरकारच्या कामी आला. उठाव मोडला गेला. अंबापाणीला आजही आदिवासी बांधव त्या लढाईतल्या हुतात्म्यांचे स्मरण करतात. भिल्ल कोअर पुढे १९ व्या शतकाच्या अखेरीस जिल्हा पोलिस दलात विलीन झाली आणि तिची वेगळी ओळख संपली.

प्रकृती ढासळल्यामुळे औट्रम १८६० मध्ये इंग्लंडला परतला. ११ मार्च १८६३ रोजी फ्रान्समधील पो या गावी त्याचा मृत्यू झाला. लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये त्याला पुरले. त्याच्या इंग्रज चरित्रकाराने लिहून ठेवले आहे की, पुढे काही वर्षांनी खानदेशातल्या त्याच्या जुन्या जवानांना एक ओबडधोबड मूर्ती सापडली, ती त्यांना साहेबासारखी वाटली आणि ते तिला औट्रम साहेब म्हणून पुजू लागले. इंग्रजांना अशा कथा आवडायच्या, त्यामुळे किती खरे मानायचे हे ज्याचे त्याने ठरवावे.

कोलकात्यात हुगळीच्या काठी त्याच्या नावाचा आणखी एक औट्रम घाट आहे. तो मात्र नदीचा, नावेत चढायचा.